चिठ्ठ्या न टाकता केलेला प्रयोग

काल सोलापुरात सात रस्त्यावर चहा पिताना भाचीनं विचारलं, मामा ते क्वासी-एक्सपेरिमेंटल म्हणजे नेमकं काय ओ, उद्या पेपर आहे. म्हटलं समज, विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, बायकांसाठी शिवणक्लास काढला आणि वर्षानं क्लासवाल्यांची कमाई जास्त दिसली, तर क्रेडिट क्लासचं का? ज्या आल्या त्या मुळातच धडपड्या असणार, चिठ्ठ्या टाकून कुठं निवडल्या होत्या, सगळा घोळ इथंच आहे.

मग चिठ्ठ्यांऐवजी आपसूक घडलेला फरक शोधायचा, हेच क्वासी-एक्सपेरिमेंटल. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीनं किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तेच राहिलं, कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडची मिळून ४१० फास्टफूड हॉटेलं आधी-नंतर तपासली, तर नोकऱ्या घटलेल्या काय दिसल्या नाहीत. इकडचा बदल वजा तिकडचा बदल, गणित एवढंच. (भांडणं लई झाली यावर, कार्डना २०२१ ला नोबेल मिळालं ते वेगळं.)

पण वेतन वाढलं नसतं तर दोन्हीकडं सारखंच चाललं असतं हे मानावं लागतं, आणि ते सिद्ध करता येत नाही, फार तर आधीचे ट्रेंड दोन्हीकडं सारखे होते का बघायचं.

भाची म्हणाली, शिवणक्लास पण लिहू का? म्हटलं आधी तोच लिही.