मारुती ८०० ची मागची काच: काच जुनी चालते, रबर नवेच घ्यावे

आमच्या घरी २००१ सालची मारुती ८०० अजून रोजच्या वापरात आहे आणि गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिची मागची काच बदलावी लागली. सोसायटीच्या आवारात गवत कापण्याचे यंत्र चालू होते, त्याच्या पात्याखालून उडालेला एक लहानसा खडा काचेच्या खालच्या कोपऱ्यावर बसला आणि संपूर्ण काच एका क्षणात दाण्यादाण्यांची झाली. त्यानंतर भेटलेल्या प्रत्येकाने एकच काळजी व्यक्त केली, ती म्हणजे इतक्या जुन्या गाडीची काच आता मिळणार कुठे. प्रत्यक्षात काच मिळवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग निघाला. वेळ आणि लक्ष खर्च झाले ते काचेभोवतीच्या रबरावर आणि ते रबर ज्या पत्र्याच्या कडेवर बसते त्या कडेवर. म्हणून या लेखात काचेपेक्षा त्या दोन गोष्टींविषयीच अधिक लिहिले आहे.

तरीही काच अशी का फुटते, हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण जुनी काच निवडताना तेच ज्ञान उपयोगी पडते. गाडीची पुढची काच दोन पातळ काचांच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा थर दाबून केलेली असते, त्यामुळे दगड लागला तर ती तडकते, पण जागेवरच राहते. मागची काच मात्र टफन्ड असते. हव्या त्या आकारात कापून, कडा घासून घेतलेली काच सहाशे अंश सेल्सियसच्या वर तापवतात आणि लगेच दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडून थंड करतात. पृष्ठभाग आधी आवळतो, गाभा मागाहून थंड होताना आत खेचला जातो, आणि त्यामुळे पृष्ठभागावर कायमचा दाब व गाभ्यात कायमचा ताण राहतो. या दाबामुळे काच साध्या काचेच्या कितीतरी पट मजबूत होते. पण एखादी चीर दाबाचा थर ओलांडून गाभ्यापर्यंत पोहोचली की साठलेला सगळा ताण एकदम मोकळा होतो. मधोमध बसलेला हाताचा ठोसा जी काच सहज सोसते, तीच काच कडेला लागलेल्या बोराएवढ्या खड्याने जाते, ती यामुळे. अशी काच एकदा टफन केल्यानंतर कापता, घासता किंवा तिला भोक पाडता येत नाही. आकार थोडा जरी चुकला तरी ती काच आपल्या उपयोगाची नाही.

काच फुटल्यावर पहिले काम सफाईचे असते आणि ते दिसते त्याहून बरेच मोठे असते. मागच्या सीटवर आणि डिकीत पडलेले दाणे झाडूने गोळा होतात, परंतु सीटच्या पाठ आणि बैठक यांच्या फटीत, सीट बेल्टच्या पट्ट्याच्या घड्यांत आणि मुख्य म्हणजे डिकीच्या दाराच्या पोकळीत गेलेले दाणे तसेच राहतात. दाराचे आतले आवरण काढून व्हॅक्यूम क्लीनरची नळी आत घातल्याशिवाय ते निघत नाहीत. या पोकळीच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी लहान छिद्रे ठेवलेली असतात आणि काचेचा दाणा त्या छिद्रात अगदी बेतल्यासारखा बसतो. तो तिथेच राहिला तर पुढच्या पावसात आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही आणि दार आतून गंजू लागते. आमच्या दारातली अशी छिद्रे तारेने मोकळी केली, तेव्हा काचेबरोबर वर्षानुवर्षांचा मातीचा चिखलही बाहेर आला.

नवी काच बसेपर्यंत गाडी चालवावी लागत असेल, तर त्या उघड्या जागेवर जाड प्लॅस्टिक घट्ट लावणे केवळ पावसासाठी आवश्यक नसते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर तिथे घुटमळतो. मागची बाजू उघडी असेल, तर तो धूर, आणि त्यातला वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड, आत ओढला जातो. लांबचा प्रवास अशा गाडीने करूच नये. प्लॅस्टिक चिकटवताना रंगावर थेट पॅकिंगची टेप न लावता आधी मास्किंग टेप लावावी, नाहीतर उन्हात तापलेली टेप काढताना जुन्या रंगाचे पापुद्रे तिच्याबरोबर येतात.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी या गाड्या इतक्या मोठ्या संख्येने विकल्या गेल्या की त्यांच्या भागांचा बाजार अजून जागा आहे. पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत नवी काच दीड-दोन हजारांच्या आसपास सांगितली गेली, आणि मोडीत निघालेल्या गाडीची जुनी काच त्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळत होती. मुंबईकरांना यासाठी कुर्ल्याचा बाजार आहेच. दुकानदाराला नुसते ‘आठशेची मागची काच’ असे न सांगता गाडीचे साल सांगावे, कारण १९८३ साली आलेली पहिली गाडी आणि १९८६ पासूनची गाडी यांची ठेवण वेगळी आहे.

मी जुनी काच घेतली, आणि हा निर्णय केवळ पैसे वाचवण्यासाठी नव्हता. कंपनीच्या गाडीतून निघालेल्या काचेचा बाक आणि जाडी मूळ चौकटीला जुळणारी असते. बाजारात मिळणाऱ्या काही नव्या काचांचा बाक मात्र कोपऱ्यांत किंचित कमी-जास्त असतो आणि ती तफावत नंतर गळतीच्या रूपाने दिसते. टफन्ड काचेतला ताण वयाने उतरत नाही. पाहायच्या असतात त्या कडा. दुकानात उजेडाच्या बाजूला काच उभी धरून चारही कडांवरून नख फिरवावे, आणि जिथे नख अडकेल, जिथे तांदळाच्या दाण्याएवढाही टवका उडालेला असेल, ती काच परत ठेवावी. कोपऱ्यातला छाप वाचावा. त्यावर उत्पादकाचे नाव आणि आयएसआय चिन्ह असावे. गाडीच्या सुरक्षा काचांसाठीचे भारतीय मानक आयएस २५५३, भाग २ हे आहे. पोलराइज्ड गॉगल जवळ असेल तर आणखी एक गंमत करून पाहता येते: आकाशाच्या उजेडात त्यातून पाहिले की टफन्ड काचेवर ठरावीक अंतरावर धूसर ठिपके किंवा पट्टे दिसतात. हवेचे झोत जिथे लागले तिथला ताण त्यातून दिसत असतो, आणि साध्या काचेवर असे काही दिसत नाही.

काचेऐवजी अॅक्रिलिकचा पत्रा कापून बसवण्याचा सल्लाही मला एका गॅरेजात मिळाला. तो मी मानला नाही आणि कोणी मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे. साधे अॅक्रिलिक कापडाने पुसतानाच ओरखडते, रात्री मागच्या गाडीचा दिवा त्या ओरखड्यांवर फाकतो आणि आरशात काहीच दिसेनासे होते. शिवाय सुरक्षा काच म्हणून त्याला मान्यता नाही ती वेगळीच.

आता रबराकडे वळू. या गाडीची मागची काच गोंदाने चिकटवलेली नसते; ती एका जाड रबरी चौकटीत बसते आणि ती चौकट डिकीच्या दाराच्या पत्र्यावर. रबराला दोन खाचा असतात, एक काचेसाठी आणि दुसरी पत्र्याच्या कडेसाठी. पाणी रोखण्याचे सगळे काम या दोन खाचांच्या ओठांवर अवलंबून असते. वीस वर्षे उन्हात राहिलेले रबर वरून काळेभोर आणि ठीकठाक दिसते, परंतु कोपऱ्यात दोन बोटांत धरून वाकवले की त्यावर बारीक भेगा उघडतात. असे रबर जुन्या काचेबरोबर ‘फुकट’ मिळाले तरी घेऊ नये. मोटार विम्याच्या हिशेबातही हाच विचार दिसतो: गाडीच्या नुकसानीचा दावा मंजूर करताना काचेवर घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, धरत नाहीत आणि रबराच्या भागांवर मात्र सरसकट ५० टक्के घसारा कापतात. अर्थात इतक्या जुन्या गाडीचा विमा बहुतेक जण केवळ थर्ड पार्टी ठेवतात, आमचाही तसाच आहे, आणि त्यात स्वतःच्या काचेचे काहीच मिळत नाही.

ज्यांच्याकडून काच बसवली ते काचवाले काका साठीच्या पुढचे होते आणि त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, “साहेब, काच तुम्ही कुठूनही आणा, रबर मात्र माझ्यासमोर घ्या.” त्यांनी दुकानात तीन रबरे हातात घेऊन दाबून पाहिली, एकाचा सांधा ओढून पाहिला, आणि जे सर्वांत मऊ पण दाबल्यावर लगेच मूळ आकारावर येणारे होते ते निवडले.

जुने रबर काढल्यावर खरी परिस्थिती समोर आली. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पत्र्याची कड तपकिरी होऊन पापुद्र्यांसारखी सुटत होती. हे जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीत असते, कारण रबरामागे झिरपलेले पाणी उतरून तिथेच थांबते आणि वाळायला त्याला वाट नसते. या टप्प्यावर ‘रबराखाली झाकले जाईल’ असे म्हणून पुढे जाण्याचा मोह गॅरेजवाल्यालाही होतो आणि मालकालाही. कड झिजून पातळ किंवा खडबडीत झाली असेल, तर नवे रबर तिला धरू शकत नाही. ते वर्षभरात पुन्हा गळते आणि दोष काच बसवणाऱ्याच्या माथी जातो. आम्ही तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज लख्ख पत्रा दिसेपर्यंत काढला, उजव्या कोपऱ्यात पत्रा आरपार गेलेला होता तिथे पत्र्याचे काम करणाऱ्या टिंकरकडून नखाएवढा तुकडा जोडून घेतला, मग रेड ऑक्साइड प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन हात दिले, आणि रंग पूर्ण कडक होईपर्यंत गाडी तशीच प्लॅस्टिकखाली ठेवली. ओल्या रंगावर रबर चढवले तर रंग रबराला चिकटून निघतो, म्हणून इथे घाई करू नये.

काच बसवण्याची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. काकांनी आधी काच जुन्या गोधडीवर आडवी ठेवून रबर तिच्याभोवती चढवले आणि चारही कोपरे अंगठ्याने दाबून नीट बसवले. मग पत्र्यासाठीच्या खाचेत नायलॉनची बारीक दोरी सगळीकडून फिरवली आणि तिची दोन्ही टोके तळाच्या मध्यावर वीतभर एकमेकांवरून नेऊन गाडीच्या आतल्या बाजूला लोंबती ठेवली. खाचेत आणि पत्र्यावर साबणाचे पाणी लावले. तेल किंवा ग्रीस त्यांनी जवळही आणू दिले नाही, कारण खनिज तेलाने रबर फुगते आणि पुढे लिबलिबीत होते. काच चौकटीवर टेकवून ते बाहेरून दोन्ही तळव्यांनी दाब देत राहिले आणि आत बसलेला त्यांचा भाचा दोरीचे एक टोक काचेच्या मध्याच्या दिशेने हळूहळू ओढू लागला. दोरी निघत जाई तसतसा रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येई, आणि प्रत्येक वेळी ‘पट्’ असा बारीक आवाज होई. दोरी जिथे पोहोचली असेल बरोबर तिथेच बाहेरून तळवा हवा. काका आतल्या आवाजावरून हात सरकवत होते. कोपऱ्याशी दोरी अडली तेव्हा भाचा जोर करू लागला, त्यावर ते म्हणाले, “ओढू नकोस रे, थांब. मी दाबतो, मग ती आपोआप येईल.” आणि तसेच झाले. रबराचा ओठ फाटतो तो इथेच, जोराने.

काच बसल्यावर सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, लावावे की नाही, यावर कारागिरांत दोन मते आहेत. काकांच्या मते रबर नवे आणि कड साफ असेल तर आधी पाणी मारून पाहावे आणि गळले तरच सीलंटला हात घालावा. मला हे पटले. सर्वत्र आधीच सीलंट भरले, तर पुढे गळती कुठून आहे ते सापडत नाही, आणि पुन्हा काच काढायची वेळ आली तर रबर वाया जाते. पाण्याची परीक्षा पाइपच्या जोरदार फवाऱ्याने करायची नसते. पाइपचे तोंड मोकळे ठेवून वरच्या कडेवरून दहा-पंधरा मिनिटे पाणी संथ वाहू द्यावे आणि आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद रबराच्या खालच्या कडेशी धरून ठेवावा. डाव्या कोपऱ्यात कागदाला ओल दिसली, तेवढ्याच भागात बाहेरचा ओठ उचलून सीलंटची बारीक रेघ सोडली आणि वर आलेले लगेच पुसून घेतले.

काचेवर गडद फिल्म लावण्याचा आग्रह दुकानात हमखास होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली तेव्हापासून त्यासाठी दंड होत आला आहे. म्हणून आम्ही काचेवर फिल्म लावलीच नाही. ज्यांच्या गाडीची मागची काच रबरात नसून थेट चिकटवलेली आहे, म्हणजे अलीकडच्या बहुतेक सर्व गाड्या, त्यांनी वरची दोरीची रीत विसरावी. तिथे जुना गोंद तारेने कापून काढावा लागतो, नवा गोंद वाळेपर्यंत गाडी हलवता येत नाही, आणि डीफॉगर, म्हणजे काचेवरचे धुके घालवणाऱ्या तापणाऱ्या तारा, असेल तर त्याच्या जोडण्याही तपासून घ्याव्या लागतात. ते काम अंगणात करण्याचे नाही.