लाइपझिगमधला गंधार

आपल्या शाळेच्या संगीताच्या तासाला एक नियम होता. आधी तंबोरे लावायचे, आणि ते पूर्ण लागेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही वाद्याला हात लावायचा नाही. सतारवाल्यांनी गवसणीसुद्धा काढायची नाही. बाहेर पटांगणावर कबड्डीचा दंगा चालू असायचा आणि आम्ही खरजाच्या, म्हणजे खालच्या सा च्या, तारेकडे कान लावून बसलेलो असायचो. सरांना कसलीही घाई नसे. "लागला का?" असं विचारायचे. आम्ही "हो सर" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग गंधार कुठंय?"

तंबोऱ्याला गंधाराची, म्हणजे ग या स्वराची, तार नसते. पहिली पंचमाची, मग जोडीच्या दोन आणि शेवटी खरज. पण जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारा झणकार, स्वच्छ असेल आणि चारही तारा खरोखर मिळाल्या असतील, तर खरजातून गंधार आपोआप उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू आला की सर मान हलवायचे आणि मगच तास सुरू व्हायचा. कधी कधी तासाची घंटा होईपर्यंत तंबोरेच लावत बसलेलो असू. वरच्या वर्गातली मुलं म्हणायची, यांचं वाजवणं राहतंच. मी तंबोऱ्यावर होते. सतार, तबला, पेटी, बासरी, जलतरंग यांचं सगळे कौतुक करत. तंबोऱ्याचं कौतुक फक्त सर करायचे. त्या एका नियमाची किंमत मला सांगलीत कळली नाही, जर्मनीत कळली. ती गोष्ट शाळेच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेत नोंदवून ठेवावी असं मनापासून वाटतं.

मी नववीत असताना लाइपझिगहून शाळेला पत्र आलं. तिथल्या शाळकरी मुलांच्या एका वाद्यवृंदाचे संचालक आदल्या वर्षी मिरजेला तंतुवाद्यं कशी बनतात ते बघायला आले होते. कोणीतरी त्यांना आपल्या शाळेतही आणलं होतं. आमचा तास त्यांनी शेवटच्या बाकावर बसून ऐकला आणि काही न बोलता गेले. आणि आता पत्रातून निमंत्रण होतं. दिवाळीच्या सुट्टीत या, आमच्या मुलांच्या घरी राहा, दोन्ही वाद्यवृंदांनी मिळून काही वाजवू.

पैशांचं कसं जमलं ते थोडक्यात सांगते. भावे नाट्यमंदिरात तिकीट लावून कार्यक्रम केला, मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्यांनी हात सैल सोडला आणि काही शिक्षकांनी आपला पगारही घातला. कोणी किती दिले ते सरांनी आम्हाला कधी कळू दिलं नाही.

खरा प्रश्न होता वाद्यांचा. आमचे दोन्ही तंबोरे मिरजेचे. फरीदसाहेब शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत हे काम सुरू केलं. घराणं मूळचं हत्यारांना धार लावणारं, आणि तेच हात पुढं तारांकडे वळले. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, ते २०२४ साली मिळालं, पण मिरजेचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासून गवयांच्या तोंडी आहे. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. विष्णु दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले तेही मिरजेत. अशा गावच्या तंबोऱ्याला विमानात कसं न्यायचं? भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, वाळवून हलका झालेला, जोरात टिचकी मारायलाही भीती वाटावी असा. कारागीर चाचांनी तारा सैल केल्या, घोडी काढून वेगळी बांधली आणि सरांना बजावलं, "उतरल्यावर लगेच ताणू नका. एक दिवस तिथली हवा खाऊ द्या." आईने जुन्या गोधड्या दिल्या. त्यात तंबोरे गुंडाळून लाकडी पेटाऱ्यात ठेवले आणि उरलेल्या फटींत भडंगाच्या पिशव्या कोंबल्या. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला निघालो तेव्हा सांगली स्टेशनवर निम्मी शाळा आली होती.

एवढं करूनही लाइपझिगला पेटारा उघडला तेव्हा एका तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा गेलेला होता. बोटभर लांब, पण तबलीच्या, म्हणजे वरच्या लाकडी फळीच्या, जोडापर्यंत आलेला. मला रडू आवरेना. संचालकांनी कोणाला तरी फोन केला आणि दुपारी आम्हाला एका व्हायोलिन कारागिराकडे नेलं. हा माणूस मार्कनॉयकिर्शेनला शिकलेला. सॅक्सनीतलं ते छोटं गाव म्हणजे तिकडची मिरज. १६७७ पासून तिथं व्हायोलिन करणाऱ्यांची रीतसर कारागीर-संघटना होती. त्याने भोपळा कधी पाहिला नव्हता. दोन्ही हातांत धरून बराच वेळ फिरवला, आतून दिवा लावून बघितला, नखाने वाजवला. मग शेगडीवरच्या भांड्यात सरस गरम करायला ठेवला. त्या वासाने मी एकदम मिरजेत गेले. तोच वास, तोच लाकडाचा भुसा, तशाच भिंतीला टांगलेल्या पट्ट्या आणि कानशी. तड्यात सरस भरून त्याने आतून पातळ लाकडाची चकती चिकटवली, बाहेरून दोऱ्याने आवळलं आणि उद्या या म्हणाला. पैसे घेतले नाहीत. सरांनी त्याच्या पायाशी वाकून नमस्कार केला. काय करावं ते त्या माणसाला कळेना, शेवटी त्यानेही तसंच वाकून नमस्कार केला. तो तंबोरा अजून शाळेत आहे. भोपळ्याच्या आत हात घातला की ती चकती बोटाला लागते.

आता एकत्र तालमीबद्दल. यमन राग वाजवायचं ठरलं होतं. मिरजेतल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या काकांनी आमची गत, म्हणजे सतारीवरची बंदिश, त्यांच्या पाच रेघांच्या लिपीत उतरवून दिली होती, त्यामुळे त्यांच्या मुलांपुढे कागद होते. आमच्या सतारींचा सा पेटीच्या काळी एक या पट्टीला असायचा. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई अशा असतात, म्हणून त्यांना पांढरी दोन, म्हणजे डी, सोयीची. आम्ही अर्धा स्वर चढलो. तबलेवाल्यांनी गट्टे ठोकून घेतले. खोलीत हीटर असल्यामुळे पुडी सारखी चढायची, त्यामुळे हातोडी शेवटपर्यंत हाताशी होती.

मग अडलं ते पेटीपाशी. जर्मन वाद्यवृंद ए हा स्वर सेकंदाला साधारण ४४३ कंपनांवर लावतात. आमच्या पेटीचा ४४० च्या आसपास होता. सतार चढवता-उतरवता येते, पेटीचे सूर जिथं आहेत तिथंच असतात. त्यांच्याकडे रोज ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा ए देतो आणि सगळे त्यावर लावतात. त्या दिवशी संचालकांनी ओबोवाल्याला खाली बसवलं आणि आमच्या पेटीवाल्याला उभं केलं. त्याचे वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी. तो कधी सांगली जिल्ह्याबाहेर गेला नव्हता. त्याने पट्टी दाबली आणि एवढा मोठा वाद्यवृंद त्याच्या एका सुरावर खाली आला. बासरीवाल्यांनी बासरीचं तोंड थोडं बाहेर ओढून घेतलं. तो क्षण मी विसरणार नाही. पेटी मुळात युरोपातूनच आपल्याकडे आलेली.

पण गंमत पुढेच होती. सूर जुळले तरी गंधार काही बसेना. आमच्या तंबोऱ्याचा गंधार आणि पेटीचा गंधार एकमेकांत मिसळत नव्हते, त्यात कंप ऐकू येत होता. याचं कारण आज मला नीट सांगता येतं. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, अर्धा स्वर म्हणजे शंभर सेंट (सेंट हे स्वरांतलं अंतर मोजायचं माप). त्या हिशेबात गंधार चारशेवर येतो. तारेतून आपसूक निघणारा गंधार ३८६ च्या जवळ असतो, म्हणजे पेटीचा सुमारे १४ सेंटने चढा. पंचमाचा फरक जेमतेम दोन सेंटचा, तो कानाला खटकत नाही. गंधाराचा खटकतो. आणि हा घोळ सांगलीला नवा नव्हता. याच गावच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर, पुस्तक काढलं आणि पुढं क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी करवून घेण्यासाठी धडपड केली. सर हे आम्हाला वर्गात सांगायचे आणि आम्हाला त्याचा अर्थ लागायचा नाही.

संचालक बराच वेळ ऐकत उभे राहिले. मग त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि माझ्याकडे येऊन खुणेने म्हणाले, वाजव. मी एकटी छेडत राहिले. व्हायोलिनवाल्या मुलांना त्यांनी जवळ बोलावलं, आमच्या दोन्ही तंबोऱ्यांभोवती अर्धवर्तुळात उभं केलं आणि काहीतरी सांगितलं. बरोबर आलेल्या इंग्रजीच्या बाईंनी आम्हाला समजावलं, "ते म्हणतायत, यात एक स्वर आहे जो कोणीच वाजवत नाहीये. तो शोधा." सर काही बोलले नाहीत, पण मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांचे डोळे भरून आले होते.

एकेका मुलाने गज हळू ओढत बोट किंचित मागे घेतलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीला तो आधी सापडला. तिचा स्वर तंबोऱ्यात असा मिसळला की वेगळा ऐकूच येईना, आणि खोली एकदम भरल्यासारखी झाली. मग शेजारच्याला सापडला, मग चेलोवाल्यांना. पेटीवाल्याला सरांनी सांगितलं, तू गंधारावर थांबायचं नाहीस, सा आणि प धरून ठेव, तो तुझाच आहे. त्याने जे धरलं ते कार्यक्रमाच्या शेवटपर्यंत सोडलं नाही.

मुख्य कार्यक्रम एका जुन्या दगडी चर्चमध्ये होता. तिथं टाळी वाजवली तर तिचा नाद कितीतरी वेळ छताखाली फिरत राहायचा. सकाळच्या तालमीत द्रुत, म्हणजे जलद लयीची, गत सुरू केली आणि तबल्याचे बोल एकमेकांवर चढून नुसता गोंगाट झाला. सरांनी तिथल्या तिथं द्रुत गत आणि शेवटचा 'झाला' हा अतिजलद भाग काढून टाकला. सतारवाले हिरमुसले, कारण महिनोन् महिने त्याचीच तयारी केली होती. पण सरांचं बरोबर होतं. लय जवळजवळ निम्म्यावर आणली, आलाप वाढवला, आणि ज्या दगडांनी तबला गिळला होता त्यांनीच तंबोरा उचलून धरला. गंधार छतावरून खाली येत होता. मिरजेचा तंबोरा मी त्याआधी किंवा नंतर इतका मोठा कधी ऐकला नाही.

लाइपझिग गावाबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या थॉमस चर्चमध्ये थोर संगीतकार बाख १७२३ पासून १७५० साली जाईपर्यंत संगीताची सगळी जबाबदारी सांभाळत होते, आणि त्यांची समाधीही तिथंच आहे. त्या चर्चच्या मुलांचा गायकवृंद १२१२ पासूनचा. आम्ही त्यांचं गाणं ऐकायला गेलो तर आमच्याच वयाची मुलं शिस्तीत उभी होती. दुसरी गोष्ट, तिथलं संगीत विद्यालय मेंडेल्सन या संगीतकाराने काढलं ते साल १८४३. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं तेही १८४३ च. सरांनी ही गोष्ट यजमानांना सांगितली तेव्हा त्यांनी ती वहीत लिहून घेतली.

मी ज्या घरी राहिले तिथल्या काकू रोज सकाळी माझ्यासाठी भात करायच्या, कारण कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की आम्ही भात खातो. मी रोज खाल्ला. दिवाळीला मी त्यांच्या खिडकीत मेणबत्त्या लावल्या आणि पूर्ण घराला शेंगदाण्याची चटणी आणि भडंग वाढलं. त्यांची मुलगी पुढच्या रांगेतली, गंधार पहिल्यांदा सापडलेली तीच. आमची पत्रं अजून चालू आहेत, आता ती फोनवर असतात इतकंच.

सर आता नाहीत. मी संगीताच्या क्षेत्रात गेले नाही, बँकेत नोकरी केली, पण रोज सकाळी तंबोरा लावते आणि गंधार आल्याशिवाय उठत नाही. आमच्यातले दोघं विशारद झाले, एक तर मिरजेच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचा परीक्षक आहे. पेटीवाला मित्र पेढी सांभाळतो आणि आठवड्यातून दोनदा आपल्याच शाळेत मुलांना मोफत शिकवतो.

महोत्सवाच्या सांगतेला माजी विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद यमन वाजवणार आहे. दोन्ही तंबोरे जवारी काढून नव्या तारा चढवायला मिरजेला दिलेत. चाचांचे नातू ते काम करतायत. सतारी जमल्यात, तबला आहे, जलतरंगाचे वाडगे सापडले. बासरी कमी पडतेय. शाळेत बासरी वाजवलेली जी मंडळी सांगली-मिरजेत किंवा पुण्या-कोल्हापुरात असतील त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव द्यावं. तालीम दर रविवारी सकाळी संगीताच्या खोलीत असते. सध्याच्या आठवी-नववीची मुलंही बसतात, त्यामुळे आपापल्या मुलांना बरोबर आणलं तर चांगलंच.