साबणाच्या स्टेशनावरून टाटा इन्स्टिट्यूटला

बंगळूरच्या हिरव्या मेट्रोत मॅजेस्टिकहून यशवंतपूरकडे जाताना एक स्टेशन आधी 'सँडल सोप फॅक्टरी' लागतं. भारतीय विज्ञान संस्थेला, म्हणजे आयआयएससीला जायचं तर मी इथेच उतरा म्हणेन. रिक्षावाल्याला मात्र 'टाटा इन्स्टिट्यूट' सांगायचं. शंभर वर्षांनंतरही तेच नाव चालतं.

इथल्या चंदन तेलाच्या 'मैसूर सँडल' साबणाचं आणि संस्थेचं नातं जुनं. पहिल्या महायुद्धाआधी मैसूरचं चंदनाचं लाकूड तेल काढण्यासाठी जर्मनीला जाई. १९१४ला युद्ध पेटलं आणि माल पडून राहिला. तेव्हा संस्थेतल्या सडबरो आणि वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी ते तेल इथेच काढून दाखवलं. १९१६ मध्ये मैसूर संस्थानाने त्याचा कारखानाच घातला. काम दिसतं तितकं सोपं नाही. गाभ्याच्या लाकडाचा भुगा करून त्यातून वाफ सोडायची, पण सुगंध ज्याचा त्या सँटॅलॉलचा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या घरात. वाफेसोबत ते रेंगाळत, थोडं थोडं येतं. घाई करून वाफ बंद केली की किमती भाग भुग्यातच राहतो.

आत जायला 'ओपन डे' सगळ्यात बरा. तो बहुधा फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या शनिवारी असतो, प्रवेश मोफत. परिसर चारशे एकरांच्या आसपास, तेव्हा पायात चांगले बूट हवेत. बहुतेकांचा दिवस एकाच कारणाने वाया जातो: विजेच्या ठिणग्या आणि द्रव नायट्रोजन बघायला सगळे एकदमच धावतात. ते सकाळी दारं उघडताच उरकावं, नाहीतर थेट सोडून द्यावं. उणे १९६ अंशांचा धूर तासभर रांग लावण्याइतका मोठा नाही, असं माझं मत.

मुख्य इमारत निवांत पाहावी. करडा ग्रॅनाइट, मधोमध मनोरा. मुंबईकराला ओळखीचं वाटलं तर नवल नाही: व्हीटी स्टेशन बांधणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या मुलाने, सी. एफ. स्टीव्हन्स यांनी हिचा आराखडा केला. पैसाही मुंबईचाच. जमशेटजी टाटांनी आपल्या मुंबईतल्या मालमत्ता या कामासाठी देऊ केल्या होत्या. डिसेंबर १८९८च्या अखेरीस नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन मुंबईत उतरले आणि दुसऱ्याच दिवशी योजना त्यांच्यापुढे ठेवली गेली. त्यांची शंका अशी, की इतकी मुलं येणार कुठून आणि शिकून त्यांना नोकरी देणार कोण? चर्चा लांबत गेली. १९०४ मध्ये जमशेटजी वारले, १९०७ मध्ये मैसूर दरबाराने ३७१ एकर जमीन दिली, २७ मे १९०९ला सरकारी आदेश निघाला आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आले. पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स. निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन शोधणाऱ्या रॅम्झींचे ते सहकारी, आणि जागेसाठी बंगळूर सुचवणारेही रॅम्झीच.

१९३३ मध्ये सी. व्ही. रामन संचालक झाले. भौतिकशास्त्र विभाग त्याच वर्षीचा. त्याच साली मुंबईच्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, प्रवेश मागायला आल्या. मुलगी म्हणून रामन यांनी नकार दिला. त्या हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो वर्षभर काम पारखून मगच कायम करण्याच्या अटीवर. नोबेलच्या गोष्टी सांगणाऱ्याने ही अटही सांगायला हवी. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली.

पुढची उडी पुन्हा युद्धानेच मारायला लावली. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये शहरात विमान कारखाना काढला. मग विमानं समजणारी माणसं हवीत, म्हणून १९४२ मध्ये इथे वैमानिकी विभाग सुरू झाला, तोही विष्णू माधव घाटगे यांच्या हातून. होमी भाभांचा वैश्विक किरणांचा कक्षही इथलाच. टीआयएफआर, म्हणजे त्यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जून १९४५ मध्ये याच आवारात सुरू झाली आणि वर्ष संपायच्या आत मुंबईला गेली. १९५८ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सतीश धवन १९६२ ते १९८१ संचालक होते. १९७२ मध्ये इस्रो हाती घेताना त्यांनी दोन अटी घातल्या: मुख्यालय बंगळूरला हवं आणि संस्थेचं संचालकपद सोडणार नाही. शहर 'अंतराळवालं' झालं ते यातून. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम मात्र थेट २०११चा, म्हणजे शंभर वर्षं इथे पदवीधर झाल्यावरच यायचं.

आता वाढायला इथे जागा कमी, म्हणून चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ सुमारे १५०० एकरांवर दुसरा परिसर उभा राहतो आहे. बंगळूरच्या आवारात गुलमोहर मार्ग, महोगनी मार्ग अशा झाडांच्या नावांच्या वाटा आहेत, आणि तिथल्या झाडांच्या फांद्यांवर लाजवंती, म्हणजे लोरिस हे मोठ्या डोळ्यांचं माकडासारखं निशाचर जनावर, अजून राहतं. ते जमिनीवर सहसा उतरत नाही, फांदीवरून फांदीवर सरकतं. नव्या इमारतीसाठी मधलं एखादं झाड गेलं, की त्याचा रस्ताच तुटतो.