गरम भाकरीवर वितळणारं चीज

नाशिकचा बुधवारचा बाजार गोदाकाठी भरतो. त्या दिवशी मी ऑफिसात दुपारून जाते. साहेबांना ते माहीत आहे, आणि त्यांच्या घरची कोवळी गिलकी आणायचं काम माझ्याकडे आहे. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढलं की बाजार काठ सोडून वर सरकतो. तेव्हा चिखल, छत्र्या, गर्दी, सगळं असतं, पण भाजी सगळ्यात चांगली तेव्हाच मिळते.

कुणाकडून घ्यायचं याचा माझा एक ठोकताळा आहे. ज्याच्यापुढे एकाच मालाचा ढीग, तो बहुतेक व्यापारी. ज्याच्या गोणपाटावर थोडी वांगी, मूठभर मिरच्या, दोन-तीन दुधी आणि आंबाडीच्या चार जुड्या, तो आपल्या वावरातून तोडून आलेला. मी आधी या दुसऱ्या लोकांकडे जाते. वांग्याचा देठ बघते: काटे टोचले पाहिजेत, देठाची कापलेली बाजू हिरवी ओली पाहिजे. काळी पडली असेल तर वांगं कालचं किंवा परवाचं. भरताच्या वांग्याचं मात्र मी वजन बघते. आकारानं मोठं आणि हाताला हलकं लागलं तर त्यात बी कमी, गर मऊ.

पहिला पाऊस झाला की पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या बाया रानभाज्या घेऊन येतात. शेवळं, कुर्डू, करटोली, नंतर बांबूचे कोंब. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यांच्यासोबत काकडाची आंबट फळं विकायला असतात. ती घेतल्याशिवाय शेवळं घेऊ नयेत. मला ही भाजी एका मावशींनी तिथेच बसून निवडायला शिकवली. वरचं सोनेरी कवच सोलायचं, आतला पिवळा दांडा काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं. शिकवताना त्यांनी दोन गिऱ्हाइकं थांबवून ठेवली. त्यांच्याशी भाव करायचं माझ्या जिभेवर आजवर आलेलं नाही. घासाघीस करायचीच तर मॉलमध्ये करून दाखवावी.

फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला तो २०१६ साली. शेतकऱ्याला आपला माल थेट विकायची वाट त्यानंतर जास्त मोकळी झाली. शहरात सोसायट्यांच्या मैदानांवर, मंदिरांच्या आवारात छोटे छोटे शेतकरी बाजार भरू लागले. आमच्याकडेही रविवारी सकाळी एक भरतो. बुधवारच्या बाजाराची मजा त्याला नाही, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे द्राक्षांचे सुटे मणी मिळतात, घडातून निखळलेले, अर्ध्या भावात. चवीला घडातल्यापेक्षा कुठेही कमी नसतात. उलट पिकून गोड झालेला मणीच आधी सुटतो असं मला वाटतं. मण्यावरची पांढुरकी भुकटी तशीच शाबूत असेल तर समजावं की त्याला फार हात लागलेले नाहीत.

याच रविवारच्या बाजारात मला चीज भेटलं.

दिंडोरीकडचं एक जोडपं आहे. घरच्या गाई, घरचा चारा, आणि एका खोलीत चीजचं काम. मी त्यांच्याकडे जाऊन बघून आले, कारण जे मी खाते ते कसं होतं हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही. दूध ३२ अंशांच्या आसपास कोमट करतात, विरजण घालतात, मग रेनेटचे, म्हणजे दूध घट्ट जमवणाऱ्या द्रवाचे थेंब, तेही शाकाहारी. पाऊण तासानं ते भांडं हललं तर दूध डुचमळत नाही, एकसंध थरथरतं. मग सुरी तिरकी घालून हळूच वर उचलायची. चीर स्वच्छ पडली आणि तिच्यात हिरवट पिवळी निवळी साठली की कापायला घ्यायचं. उभे-आडवे छेद देऊन बोराएवढे तुकडे, मग त्यांना अगदी सावकाश ढवळत राहायचं. ताईंचा हात कोपरापर्यंत भांड्यात होता आणि त्या बोलत होत्या माझ्याशी, पण लक्ष सगळं बोटांकडे. तुकडे हाताला कसे लागतात त्यावरून त्या थांबायचं ठरवतात. मग निवळी काढायची, साच्यात दाबायचं, मिठाच्या पाण्यात ठेवायचं आणि शेवटी थंड खोलीत लाकडी फळ्यांवर. तिथे रोज उलटायचं, पुसायचं. असं महिनोन्‌महिने.

दहा लिटर दुधातून जेमतेम एक किलो पक्कं चीज उतरतं. भाव ऐकून तोंड वाकडं करणाऱ्यांना मी हा हिशोब तिथल्या तिथे सांगते. आपण दुधाचा भाव जाणतो, मग गुणाकार करायला काय हरकत आहे?

आपल्याला पनीर ठाऊक असतं आणि कारखान्यातल्या चौकोनी चकत्या ठाऊक असतात. पनीर म्हणजे तापवलेलं दूध लिंबानं फाडलेलं. ते तव्यावर टाकलं तरी आकार सोडत नाही. चकत्या म्हणजे चीज वितळवून त्यात विशिष्ट क्षार घालून पुन्हा थापलेलं, बाराही महिने एकाच चवीचं. रेनेटनं जमवलेलं, मुरवलेलं चीज या दोन्हींपेक्षा निराळं. ते गरमावर वितळतं, आणि ऋतूप्रमाणे बदलतं. श्रावणात गाईंना हिरवा चारा मिळतो तेव्हाचं चीज पिवळसर असतं, मे महिन्यातल्या कडब्यावरचं फिकट. ताईंनी दोन्ही शेजारी ठेवून दाखवली. श्रावणातल्याला किंचित गवताचा वास होता. मे महिन्यातलं जास्त खारट लागलं, पण मला तेही आवडलं.

निवळीही मी बाटलीत भरून आणते. बाजरीचं पीठ त्यात भिजवलं तर भाकरीला हलकी आंबट चव येते, आणि पिठल्यात पाण्याऐवजी घातली तर ताकाच्या पिठल्याची आठवण होते. नॉर्वेत हीच निवळी तासन्‌तास आटवून तपकिरी, गोडसर चीज करतात, त्याला ब्रुनोस्ट म्हणतात. खवा आटवणाऱ्या आपल्या लोकांना ते सहज जमेल.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. नाशकात चीज वाइनच्या मागोमाग आलं. सुला या वाइन कंपनीनं १९९७ साली गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनची द्राक्षं लावली, २००० साली त्यांची पहिली वाइन आली, आणि पुढे आसपास आणखी वायनरी उभ्या राहिल्या. तिथे बसून डोंगर बघत जेवायला मलाही आवडतं. पण त्यामुळे चीज म्हणजे वाइनसोबतची पाटी अशी आपली समजूत झाली. लाकडी फळीवर चार तुकडे, बिस्किटं, बाटलीतली ऑलिव्ह, वाटीत जॅम. एका हॉटेलात तर चीज फ्रीजमधून काढून तसंच गारठलेलं समोर आलं. थंड चीजला चव नसते. अर्धा तास बाहेर ठेवलं की मग ते बोलायला लागतं. आणि विचारलं की हे कुठलं, तर वाढणाऱ्याला सांगता येईना. बाहेर खिडकीतून शेत दिसतंय आणि ताटातलं कुठून आलं ते कुणाला माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

या खोऱ्यातल्या दुधाचं चीज या खोऱ्यातल्या ताटात हवं. बाजरीच्या भाकरीवर, लसणाच्या चटणीशेजारी, पिंपळगावकडच्या बेदाण्यांसोबत, नागलीच्या पापडावर किसून. हे मला सासूबाईंमुळे पटलं. त्या निफाडच्या. तिथली थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि त्या थंडीत तीळ लावलेली बाजरीची भाकरी हेच त्यांचं जेवण. मागच्या हिवाळ्यात मी चुलीवरून उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा उचलला, आत चीजच्या पातळ चकत्या सरकवल्या आणि वरून दाबून त्यांच्यापुढे ठेवली. भाकरीच्या वाफेनं चीज आतल्या आत वितळलं, कडेनं थोडं बाहेर आलं. त्यांनी चटणीला लावून घास घेतला.

“अगं, हे तर चिकाच्या वडीसारखं आहे. फक्त खारट.”

“आवडलं का, आई?”

“पुढच्या भाकरीत जरा जास्त घाल.”

आमच्या शहराला खाण्याची पारख नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. सकाळी सातला मिसळीसाठी रांग लावणारी माणसं आहोत आम्ही. बारदान फाट्याजवळ साधनाची चुलीवरची मिसळ खायला लोक मुंबईहून गाडी काढून येतात. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात मटकी बोटचेपी पाहिजे, गाळ झालेली चालत नाही, यावर इथे घराघरांत वाद होतात. सायंतारा म्हटलं की साबुदाणा वडा, कोंडाजी म्हटलं की चिवडा, बुधा हलवाई म्हटलं की जिलबी. पाहुणा आला की आधी याच नावांची उजळणी होते. एका पदार्थासाठी एका दुकानावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास टाकणाऱ्या या शहरात चीज करणाऱ्या घरालाही असा विश्वास मिळावा असं मला वाटतं.

महात्मानगरच्या एका छोट्या हॉटेलात हे सुरू झालंय. दारात फळा आहे. आज कुठली भाजी, कुठल्या गावची, तेवढंच त्यावर लिहिलेलं. मागच्या आठवड्यात करटोली हरसूलची होती, तांदूळ इगतपुरीचा इंद्रायणी. करटोलीच्या काचऱ्या कुरकुरीत परतून वर तेच दिंडोरीकडचं चीज किसून घातलं होतं, आणि सोबत नागलीची भाकरी. कडूसर करटोली, खारट चीज, मातकट गोड नागली. मी पुन्हा मागवलं. मालकीणबाईंशी बराच वेळ बोलले. त्या स्वतः बुधवारी घाटावर असतात, पहाटेच. फळ्यावर गावाचं नाव लिहायला लागल्यापासून गिऱ्हाईक भाजीबद्दल विचारायला लागलंय, असं त्या म्हणाल्या. माझं इतर हॉटेलवाल्यांना एवढंच मागणं आहे: फळा लावा. खडूला काही पैसे पडत नाहीत.

दिंडोरीच्या ताई या थंडीत संगमनेरी शेळ्यांच्या दुधाचं ताजं चीज करणार आहेत. दूध मिळायची सोय झाली आहे, साचे आले आहेत. मी पहिल्या खेपेतलं सांगून ठेवलंय, आणि ते हिरव्या मिरचीच्या ठेच्यासोबत खायचं की हुरड्यासोबत, यावर घरी सासूबाईंशी चर्चा चालू आहे. त्या हुरड्याच्या बाजूनं आहेत.