केम्पस्टन पोर्टचा गुंता सुटला: पडद्याचा रंग बदलला की आकडा बदलतो

मागच्या नोंदीत मी माझ्या ४८के स्पेक्ट्रमचा, म्हणजे १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकाचा, केम्पस्टन पद्धतीचा जॉयस्टिक इंटरफेस (जॉयस्टिक जोडणारे सर्किट) ‘जवळपास तयार’ असल्याचे लिहिले होते. त्यानंतरचे तीन रविवार त्याच झिरो पीसीबीवर (भाग सोल्डर करायच्या भोकांच्या बोर्डवर) गेले आणि काल रात्री दोष सापडला. पोर्ट ३१, म्हणजे प्रोसेसर जॉयस्टिकची स्थिती जेथून वाचतो तो क्रमांक, आता स्थिर आहे. जॉयस्टिक मोकळी असताना ०, उजवीकडे १, डावीकडे २, खाली ४, वर ८ आणि फायरला १६, हे आकडे पाहिजे तसेच येतात आणि सलग हजार वाचनांत एकही भलता आकडा आला नाही. ४८के स्पेक्ट्रमच्या या कामातला हा माझा आजवरचा सर्वांत मोठा आनंद आहे, काँपोझिट व्हिडिओ पहिल्यांदा दिसला त्याहूनही मोठा.

आधी कनेक्टरविषयी, कारण तो कोठून आणला हे दोघांनी विचारले होते. स्पेक्ट्रमच्या मागच्या बाजूला बसणारा २८ जोड्यांचा एज कनेक्टर मला कोठेही मिळाला नाही. राजारामपुरीतल्या एका संगणक दुरुस्तीच्या दुकानातून जुना मदरबोर्ड आणला, त्यावरचा आठ बिटांचा आयसा स्लॉट (कार्ड खोचायची जुनी खाच) हॉट एअरने काढला आणि ३१ जोड्यांपैकी तीन जोड्या हॅक्सॉ ब्लेडने कापून टाकल्या. दोन संपर्कांमधले २.५४ मिलिमीटर अंतर दोन्हीकडे सारखेच असते. पाचव्या जागेवरचे संपर्क उपटून तेथे प्लॅस्टिकची खुंटी बसवणे मात्र कोणीही टाळू नये. खालच्या बाजूला तिसऱ्या जागेवर ५ व्होल्ट आणि लगेच चौथ्या जागेवर ९ व्होल्ट आहेत, त्यामुळे कनेक्टर एका घराने सरकला तर संपूर्ण यंत्र धोक्यात येते.

आता मूळ दुखण्याकडे वळतो. माझ्याकडे ७४एलएस३६६ हा आयसी होता. त्यात सहा उलटे बफर (संकेत उलटा करून पुढे देणारे भाग) असतात आणि जॉयस्टिकला पाचच लागतात, म्हणून मी तोच वापरला. ए५ (पत्त्याची एक रेषा), आयओआरक्यू (पोर्टशी व्यवहाराची) आणि आरडी (वाचनाची) या तिन्ही रेषा खाली, म्हणजे ० वर, असतील तेव्हाच तो उघडावा यासाठी ७४एलएस३२ची दोन ऑर गेट जोडली. इंटरप्टच्या पोचपावतीच्या वेळीही आयओआरक्यू खाली जाते, पण तेव्हा आरडी वर असते, त्यामुळे एम१ रेषा वेगळी घेण्याची गरज नव्हती. माझ्या स्वतःच्या खेळात, जेथे वाचलेल्या आकड्याला ३१चा मास्क लावलेला आहे (म्हणजे खालचे पाचच बिट घेतले जातात), सगळे उत्तम चालले. परंतु पोर्ट तपासून जॉयस्टिक आहे की नाही हे स्वतःच ठरवणाऱ्या खेळांना ती कधी दिसे, कधी दिसत नसे.

बेसिकमध्ये २५६ घरांचा अ‍ॅरे घेऊन मी पोर्ट वाचणाऱ्या ‘इन ३१’चे आकडे मोजले. जॉयस्टिकला हात न लावता बहुतेक वेळा २२४ येत होते, अधूनमधून ३२ आणि ०. मला संशय आला तो संपर्कांचा. स्लॉट स्पिरिटने पुसला, पुलअपचे १० के रेझिस्टर बदलले, आयसीच्या पायांशी १०४चा सिरॅमिक कपॅसिटर लावला, प्रत्येक जोड पुन्हा सोल्डर केला. फरक शून्य. मग आयसीच बनावट असावा असे वाटले, कारण एका ऑनलाइन विक्रेत्याकडून पूर्वी आलेल्या आयसींवरची छपाई स्पिरिटच्या बोळ्याने निघून आली होती. कोल्हापुरात ५५५ आणि ७८०५ यांसारखे नेहमीचे आयसी हवे तेवढे मिळतात, पण ७४एलएस मालिकेसाठी मी आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरूनच माल मागवतो. थोडे थांबावे लागले तरी चालेल. तिकडून आलेल्या नव्या ३६६नेही तेच तीन आकडे दाखवले.

काल रात्री डोळ्यांना त्रास होऊ लागला म्हणून पडदा काळा केला, पेपर (पार्श्वभूमी) ० आणि इंक (अक्षरांचा रंग) ७, आणि मोजणी पुन्हा लावली. ३२ नाहीसा झाला. पेपर पुन्हा ७ केला तर तो परत आला. ब्राइट १ दिले तर त्याच्या जागी ९६, आणि ब्राइट काढून फ्लॅश १ दिले तर १६०. पडद्याच्या रंगाचा बाइट माझ्या पोर्टमधून बाहेर येत होता! पांढऱ्या पेपरचा बाइट ५६ असतो, त्यातले वरचे तीन बिट ठेवले की ३२ उरतात. ब्राइट असताना तो १२० होतो, त्यातून ९६. फ्लॅश असताना १८४, त्यातून १६०.

कारण आता अगदी स्पष्ट आहे. डेटाच्या आठ रेषांपैकी ३६६ फक्त डी० ते डी४ चालवत होता; डी५, डी६ आणि डी७ मोकळ्या होत्या. युएलए (पडदा रंगवणारी चिप) आणि झेड८०ए (प्रोसेसर) यांच्या डेटा रेषा ४७० ओहमच्या रेझिस्टरांनी जोडलेल्या आहेत, त्यामुळे ज्या रेषेवर कोणाचाच ताबा नसतो तिच्यावर युएलए त्या क्षणी पडद्यासाठी जे वाचत असेल ते प्रोसेसरला दिसते. युएलए काही वाचत नसेल तेव्हा सगळे बिट १ असतात आणि तिन्ही मिळून २२४ होतात. रिकाम्या पडद्याचा ठिपक्यांचा बाइट आला की ०.

उपाय म्हणून ३६६ काढून ७४एलएस२४० बसवला. त्यात आठ उलटे बफर असतात. १ आणि १९ क्रमांकाचे पाय एकत्र करून ऑर गेटला जोडले आणि उरलेल्या तीन इनपुटना १० केमधून ५ व्होल्ट दिले, म्हणजे आउटपुटला कायम ० मिळते. मध्ये ४७० ओहम असल्यामुळे युएलएवर २४० सहज मात करतो. नव्याने हे बांधणाऱ्यांना माझे सांगणे आहे की सहा बफरांच्या जुन्या आकृत्यांच्या वाटेला जाऊ नये.

जॉयस्टिकचा दांडा शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांनी पितळेचा करून दिला. “सहाचे आटे पाडून देतो, चालतंय न्हवं?” एवढेच त्यांनी विचारले आणि दांडा असा नेमका बसला की मायक्रोस्विचची टिकटिक चारही दिशांना सारखी ऐकू येते.

पुढे दुसरी जॉयस्टिक जोडायचे ठरले होते. परंतु हे लिहिताना आकृती समोर उघडी आहे आणि ७४एलएस३२ची दोन गेट रिकामी दिसत आहेत. ए५ आणि आयओआरक्यू यांचे ऑर आधीच तयार आहे. तिसऱ्या गेटमध्ये ते डब्ल्यूआरशी (लेखनाच्या रेषेशी) जोडले आणि त्याचे आउटपुट ७४एलएस३७४ या आठ बिट धरून ठेवणाऱ्या आयसीच्या क्लॉकला दिले, तर ‘आउट ३१’ने आठ एलईडी किंवा ट्रान्झिस्टरमार्फत रिले चालवता येतील. कीबोर्डच्या २५४ पोर्टमध्ये ए५ वर असते, म्हणून रॉमच्या कामात अडथळा येणार नाही. दुसरी जॉयस्टिक त्यामुळे मागे पडली. लॅमिंग्टन रोडच्या पुढच्या यादीत ३७४ लिहिला आहे. २० पायांच्या बेसपुरती जागा २४०च्या डावीकडे उरली आहे आणि डेटाच्या आठही तारा तेथूनच जातात.