गुलमर्गला पहिल्यांदा स्नोबोर्ड : साइज उंचीवर नको, वजन आणि पावलावर घ्या

फेब्रुवारीच्या शेवटी गुलमर्गला जाऊन आलो, मी, दादा आणि भावोजी, तिघंही स्नोबोर्डवर (दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरायचं ते) पहिल्यांदाच. श्रीनगर एअरपोर्टपासून लांब नाही, पण टंगमर्गच्या पुढचे 13 किमी ताजा बर्फ असेल तर चाकांना चेन लावलेल्या गाडीशिवाय सोडत नाहीत, श्रीनगरची टॅक्सी खालीच थांबते आणि पुढच्या गाडीचे पैसे वेगळे, हे बजेटमध्ये धरूनच निघा. हॉटेल-जेवणाचं मी लिहीत नाही, ते सगळीकडे मिळतं. बोर्ड भाड्याने घेतानाचं मात्र कोणी नीट सांगत नाही आणि आमची अख्खी पहिली सकाळ त्यातच गेली.

दुकानात होतं असं की माणूस तुम्हाला एकदा वरपासून खालपर्यंत बघतो, बोर्ड उभा करून हनुवटीला लावतो आणि म्हणतो, 'बस, परफेक्ट'. आता आमचा दादा 5 फूट 11 इंच पण नुसता सापळा, 62 किलो. भावोजी 5 फूट 6 आणि 84 किलो. दादाच्या हातात 160 सेंटीमीटर लांबीचा आला आणि भावोजींच्या हातात 150, म्हणजे बरोब्बर उलटं! बोर्डला तुमची उंची काय करायचीये, त्याला फक्त वर किती भार आहे तेवढं कळतं. हलक्या माणसाच्या पायाखाली लांब, कडक बोर्ड वाकतच नाही, तुम्ही वळवायला बघता आणि तो आपला सरळ निघतो. जड माणसाला आखूड दिला तर स्पीड आला की थरथरतो आणि मऊ बर्फात पुढचं टोक खाली रुततं.

साधारण हिशेब असा : 55 किलोच्या आसपास 142 ते 148 सेंटीमीटर, 60 ते 68 ला 148 ते 153, सत्तरीत 153 ते 158, 80 च्या वर 156 ते 161. कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, आणि नवीन असाल तर त्यातला खालचा आकडा घ्या, आखूड बोर्ड वळायला सोपा जातो.

पण खरी गंमत रुंदीत आहे. दादाचा बूट यूके 11. साध्या बोर्डवर त्याची बोटं एवढी बाहेर यायची की बोटांकडच्या कडेवर झुकला की बूट आधी बर्फात घासणार आणि हा तोंडावर. साधारण यूके 10 च्या पुढे वाइड बोर्डच मागा, साइजच्या आकड्यापुढे डब्ल्यू लिहिलेलं असतं. बूट बाइंडिंगमध्ये (बोर्डवरचे बूट अडकवायचे पट्टे) आवळून बोर्ड उलटा करून बघा, पुढे आणि मागे सारखाच, एक-दोन सेंटीमीटर बाहेर दिसला तर उत्तम. दादाला 152 वाइड मिळेना म्हणून 155 वाइड घेतला, लांबीत तेवढं चालवून घेता येतं, रुंदीत नाही. माझं उलटं, यूके 5 ला मला एक जेन्ट्सचा रुंद बोर्ड देत होते, त्यावर एका कडेवरून दुसरीवर जायलाच जीव जातो, तो परत केला.

आणि हे सगळं बूट घातल्यावर, आधी नाही. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकीच टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की ती मागे सरकली पाहिजेत आणि टाच उचलायला गेलात तर उचलली जाता कामा नये. मोजे एकच जोडी. थंडी वाजते म्हणून दोन घालाल तर बूट आवळूनही पाय आत सरकत राहील.

अजून एक, गुलमर्गला अफरवट डोंगरावरच्या पावडरसाठी, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फासाठी, लोक येतात त्यामुळे दुकानात रुंद नाकाचे लांब पावडर बोर्ड दिसतात, दिसायला एकदम भारी. तुमच्यासाठी नाहीत ते. दोन्ही टोकं सारखी असलेला मऊ ट्विन मागा, बाइंडिंगचा अँगल पुढे 15, मागे उणे 15 अंशांच्या आसपास (म्हणजे दोन्ही पावलं थोडी बाहेर वळलेली) करून घ्या, आणि डावा पाय पुढे की उजवा हे हॉटेलच्या लॉबीत मोजे घालून घसरून आधीच बघून ठेवा, दुकानात मागे लाइन असताना सुचत नाही.

शिकायचं ते खालच्या सपाट उतारांवरच. गोंडोलाच्या (केबल कारच्या) फेज टूने, म्हणजे वरच्या टप्प्याने, वर जरूर जा, जवळपास 3,950 मीटर आहे, पण बघून गोंडोलानेच खाली या, वरून तयार केलेला उतार नाही आणि हिमस्खलनाचा धोका असतो. तिकीट आधी ऑनलाइन काढा. हातावर पडून मनगट मोडणं ही नवशिक्यांची नेहमीची दुखापत, तेव्हा स्केटिंगचे रिस्ट गार्ड घरूनच न्या, आम्ही गेलो त्या दुकानांत नव्हते. तारखा शक्यतो बदलता येतील अशा ठेवा. 2025 ला फेब्रुवारीत बर्फच नव्हता म्हणून खेलो इंडियाचे गुलमर्गमधले सामनेसुद्धा मार्चमध्ये ढकलावे लागले होते.