फ्लॉरेन्स, आत्या आणि बटण नसलेलं बटण

आत्याने तीस वर्षं शिवणक्लास चालवला, त्यामुळे तिच्यासोबत इटली फिरायचं म्हणजे पुतळे कमी आणि पुतळ्यांच्या कपड्यांच्या चुण्या जास्त. फ्लॉरेन्सला दुसऱ्या दिवशी पालाझ्झो दावान्झाती बघायला गेलो, चौदाव्या शतकातलं श्रीमंत घर आहे, आत विहीर अशी की प्रत्येक मजल्यावरून पाणी ओढता येतं. पोपटांची चित्रं असलेली खोली सगळे बघतात, पण आत्या अडकली लेस आणि भरतकामाच्या कपाटांपाशी, अर्धा तास गेला तिथेच.

मी तिला सांगितलं की ज्या काळात हे घर बांधलं त्या काळात या गावात बायकांनी काय घालायचं याचे कायदे होते. रेशीम, फर, सोन्याची बटणं, झालर, सगळ्यावर नियम. नाइट, न्यायाधीश, डॉक्टर यांच्या बायकांना बऱ्याचदा सूट, बाकीच्यांनी दंड भरायचा! 1343 मध्ये तर बंदी असलेले जुने कपडे नोंदवून घेतले, कपड्याचा रंग, नक्षी सगळं नोटरीने लिहायचं आणि कपड्याला शिशाचं सील मारायचं, मग तो घालायला मोकळीक. हजारो कपड्यांची ती वही अजून तिथल्या सरकारी अभिलेखागारात आहे. आत्या म्हणाली, "म्हणजे अरे, आज जर ती वही कुणी मला वाचून दाखवली तर मी तसाच झगा शिवून देईन."

मग साकेत्तीची गोष्ट सांगितली. हा त्याच शतकातला फ्लॉरेन्सचा गोष्टीवेल्हाळ माणूस. त्याच्या गोष्टीत अमेरिगो नावाच्या न्यायाधीशाचा नोटरी बायकांना पकडायला जातो आणि हात हलवत परत येतो. एकीला म्हणतो ही बटणं चालणार नाहीत, ती म्हणते, साहेब ही बटणं नाहीतच, कोपेल्ले (छोट्या वाट्या) आहेत, बघा, दांडी नाही आणि समोर काजही नाही. दुसरीची फर अर्मिन या प्राण्याची, म्हणजे महागडी पांढरी दिसते, तर ती म्हणते अर्मिन नाही, लात्तित्सी आहे. ते काय असतं? एक प्राणी असतो!

आत्या इतकी हसली की तिथल्या बाई वळून बघायला लागल्या. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "पण ती बरोबर होती. काज नसेल तर ते बटण कसलं, नुसती टिकली. मी क्लासमध्ये हेच सांगायचे."

मला गंमत वाटते ती वेगळीच, हे गाव कापडावरच मोठं झालं. ओर्सानमिकेले चर्चच्या शेजारी लोकर व्यापाऱ्यांच्या संघाची इमारत आहे, भिंतीवर त्यांचं मेंढीचं चिन्ह. परदेशांना भारी कापड विकायचं आणि घरच्या बायकांनी ते घातलं की दंड! कारण साधं, पैसा धंद्याऐवजी कपड्यात आणि हुंड्यात अडकतो ही भीती, आणि काल श्रीमंत झालेल्याची बायको खानदानी घरातल्या बाईसारखी दिसायला लागली तर ओळखायचं कसं.

संध्याकाळी सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्च. तिथे 1480 च्या दशकातली गिरलांदायो या चित्रकाराची भित्तिचित्रं, धार्मिक प्रसंगात तोर्नाबुओनी घराण्यातल्या बायका उभ्या, सोनेरी ब्रोकेड अंगभर. दीडशे वर्षांच्या कायद्यांनंतर ही अवस्था! आत्या मान वर करून बराच वेळ बघत होती, मला वाटलं भक्तिभाव, तर म्हणाली,

"बाह्यांना शिवण नाहीये, नुसत्या बांधल्यात वाटतं. चष्मा दे जरा."